टाकीतले तीन ठोकळे

विषय : पुनर्वसित गावातील प्राथमिक शाळेच्या स्लॅबचे काँक्रीट ठोकळे, नग तीन, आवक नोंद नसलेले, याबाबत.
संदर्भ : श्रीमती बायजाबाई, राहणार सदर गाव, यांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, मी चौतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी केली आणि आता भुताची गोष्ट सांगायलासुद्धा मला वर विषय आणि संदर्भ लागतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास आवक-जावक नोंदवहीवर आहे. तिच्यात नसलेली वस्तू कार्यालयात नसते. म्हणूनच ही गोष्ट मला इतकी वर्षं छळते आहे.

उपविभागाचं नाव लिहीत नाही. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. वाटणीत गोंदियाला नवी लोखंडी कपाटं गेली आणि आमच्याकडे राहिलं ते ठोकळे फोडायचं जुनं यंत्र. इमारतीचं काँक्रीट ओततानाच त्यातलं थोडं लोखंडी साच्यात भरायचं, सहा-सहा इंच लांबी-रुंदी-उंचीचे ठोकळे पाडायचे, अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि मग यंत्राखाली चेपायचे. पंचेचाळीस टनांच्या आत फुटला तर स्लॅब नापास. पद्धत उत्तम आहे. पुस्तकात फारच शोभून दिसते.

आमच्याकडे मात्र जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या कामांचे ठोकळे गोमाजी मिस्त्रीच्या अंगणातून येत. शाळा असो, नाल्यावरचा पूल असो, साकोलीकडचं समाजमंदिर असो, ठेकेदार गोमाजीला सांगायचा, ‘सहा पाहिजेत.’ गोमाजी वैनगंगेची रेती तीन पाण्यांनी धुवायचा, गिट्टी एकसारखी निवडायचा, पोतं नुकतंच फोडलेलं सिमेंट सढळ हाताने टाकायचा, ओलं गोणपाट घालून दिवसातून चारदा पाणी मारायचा. लिहिता येत नव्हतं. म्हणून ठोकळा ओला असतानाच कोपऱ्यात अंगठा दाबायचा. यंत्राखाली त्याचा ठोकळा साठ-साठ टन खाऊन पिस्तुलासारखा आवाज करत फुटे. भंडारा जिल्ह्यातलं सगळ्यात मजबूत काँक्रीट असं आठ-आठ किलोंनी बनायचं आणि प्रयोगशाळेत फोडलं जायचं. उरलेल्या काँक्रीटखाली माणसं राहायची.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावाला नव्या जागी तीन खोल्यांची शाळा मिळाली. ठेकेदार भैय्यालाल. ज्या नदीची रेती ट्रक भरभरून नागपूरला जाते, त्या नदीपासून हाकेच्या अंतरावर त्याने नाल्यातली मातीमिश्रित रेती वापरली, कारण वाहतूक वाचते. सिमेंटचे पोत्यातच गोळे झाले होते. ते फावड्याने फोडून घेतले आणि मिश्रण सहज सरकावं म्हणून पाणी वाढवलं. पातळ काँक्रीट सरकतं छान. जमून बसण्याचा त्याला तितकासा उत्साह नसतो.

त्या गावात गोमाजीचं स्वतःचं घर होतं. म्हणून त्या एकाच कामावर तो मिस्त्री म्हणूनही उभा राहिला. वऱ्हांड्याच्या स्लॅबखालचे टेकू दोन आठवडे ठेवायचे, ते भैय्यालालने नवव्या दिवशी काढायला लावले. टेकू साकोलीच्या कामावर हवे होते. गोमाजी ‘थांबा, अजून ओला हाय’ म्हणत खाली गेला, आणि वऱ्हांडा त्याच्यावर बसला.

ठोकळे मात्र पास झाले. ते गोमाजीचेच होते.

त्याची बायको बायजाबाई दर मंगळवारी आमच्या कार्यालयात येऊन बसू लागली. नुकसानभरपाई नको म्हणाली. अर्जात एकच मागणी : उरलेल्या तीन खोल्या त्याच दिवसाच्या, त्याच मालाच्या आहेत. जूनमध्ये शाळा भरेल, एक्केचाळीस पोरं आत बसतील, त्यात तिची नात टीना. आधी स्लॅब तपासा, नाहीतर पाडा.

उपअभियंता टेकचंद साहेबांनी उत्तर सांगितलं, मी लिहिलं : ‘सदर कामाचे ठोकळे चाचणीत उत्तीर्ण असल्याने तपासणीची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज दप्तरी दाखल.’ वळणदार अक्षर माझं आहे. ते नाकारता येणार नाही.

मे महिन्यातला मंगळवार. दुपारचे अडीच. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा नालीत उतरलेलं. प्रयोगशाळा म्हणजे मागची जाड भिंतींची खोली, एकच खिडकी, तीही पोत्यांनी झाकलेली. आत सदैव ओल्या सिमेंटचा, शेवाळाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास. टाकीचं पाणी हललं नाही तरी काठावर थपथप वाजे. परिचर सुगत दारात आला. त्याच्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता.

“बाबूजी, टाकीत तीन जास्त हायेत.”

“मोजायला चुकला असशील.”

“तीनदा मोजले ना जी. किल्ली माह्यापाशीच हाय... अन् ते गरम हायेत.”

नवं काँक्रीट जमताना तापतं, हे मलाही माहीत होतं. पण पाण्यात तीन-चार दिवस राहिलेलं गरम राहत नाही, आणि हे तीन तर शेवाळलेले होते. सुगतने एक काढून फरशीवर ठेवला. कोपऱ्यात अंगठा. मजुरांच्या हजेरीपटावर मी आयुष्यभर अंगठे पाहिले आहेत. साहेब लोकांना चेहरे ओळखू येतात, मला अंगठे. मधोमध आडवा तुटका व्रण, थापीने कापल्याचा. गोमाजीचाच.

गोमाजी जाऊन दोन महिने झाले होते.

बायजाबाई माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. ती खाली बसली, व्रणावर बोट ठेवलं आणि हात झटक्यानं मागे घेतला. “आमच्या बुढ्याचाच हाय,” एवढंच म्हणाली.

मी टेकचंद साहेबांना सांगितलं. साहेब हसले. अभियंता हसतो तेव्हा त्याने पुस्तक वाचलेलं असतं पण इमारत पाहिलेली नसते.

“अरे बाबू, जुना स्टॉक असंन त्याचा. भैय्यालालनं आणून टाकला असंन. काय हो भैय्यालाल?”

भैय्यालाल बिल घ्यायला आलेलाच होता. “मै तो नही लाया साहब. पर गोमाजीचा माल हाय म्हणता, तं फोडून टाका ना. साठ टन निघतीन. बाईचा अर्जच खतम.”

“बरोबर. शाळेच्या नावानं नोंद घे, बाबू. खोल्या तीन, ठोकळे तीन. हिशेब जमला.”

बायजाबाई म्हणाली, “साहेब, आज नका फोडू.”

“काहून?”

“आज आमच्या गावात धुरपताच्या पोरीचं लगन हाय. वऱ्हाडाले शाळेतच उतरवलं हाय... तिसऱ्या खोलीत. मी नाही म्हणून राहिली होती, पन आयकते कोन? पत्र्याच्या छपरात ऊन सोसत नाही म्हणाले.”

“लग्न तिकडं, ठोकळा इकडं. काय संबंध?” साहेबांनी सुगतला खूण केली.

आमचं यंत्र हाताने हापसायचं. सुगत दांडा खालीवर करू लागला. तेल कुरकुरलं. काटा पाचवर आला, दहावर आला. एरवी वीस-पंचवीसच्या पुढे ठोकळा आतून तडतडायला लागतो. हा गप्प होता. काटा चौदावर गेला आणि ठोकळा फुटला नाही, खाली बसला. आवाज न करता. पाणी प्यायलेल्या ढेकळासारखा. आतून नाल्याची काळी माती निघाली आणि खोलीभर असा वास पसरला, जसा आटलेल्या तलावाच्या तळाला येतो.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती मी नोंदवहीत लिहिली.

“हे... गोमाजीचं नाही,” सुगत म्हणाला.

“दुसरा घे.” साहेबांचा आवाज जरा चढला होता.

भैय्यालालच्या खिशातला मोबाइल वाजला. त्या खोलीत नीट ऐकू येत नसे, म्हणून तो बाहेर लिंबाच्या झाडाखाली गेला. सुगतने दुसरा ठोकळा चढवला. तोही चौदावर बसला. त्याच वेळी बायजाबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

“तिसरा,” साहेब म्हणाले.

“साहेब, राहू द्या,” मी म्हणालो. अख्ख्या नोकरीत साहेब लोकांना मी दिलेला हा पहिला सल्ला.

“बाबू, तू टाचणी लावत जा. तांत्रिक बाबीत बोलू नको.”

तिसरा ठोकळा यंत्रात गेला. काटा चारवर आला, सहावर आला. सुगतच्या कपाळावरचा घाम दांड्यावर टपकत होता. आठ. ठोकळ्याच्या वरच्या कडेला केसाएवढी रेघ उमटली आणि हळूहळू खाली सरकू लागली. नऊ. तेवढ्यात भैय्यालाल धावत आत आला. त्याच्या तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा हनुवटीवर आला होता.

“साहब... गावातून फोन हाय. पहिली खोली बसली, तीन-दहाले. कोणी नोहोतं आत. अन् बोलता बोलताच दुसरी बसली... बुंदीच्या पराती दबल्या...”

बायजाबाई उठली. तिने यंत्राला हात लावला नाही, कुणाच्या पाया पडली नाही. फक्त सुगतकडे पाहून हळू म्हणाली, “बापू... तिसऱ्या खोलीत मानसं हायेत.”

सुगतचा हात थांबला.

“चालू ठेव!” टेकचंद साहेब ओरडले. “योगायोग हाय हा! नापास झाला तं झाला, अर्धवट चाचणी नोंदवता येत नाही!”

त्या खोलीत तेव्हा फक्त तेलाची कुरकुर होती. दाब धरलेला होता. काटा नऊवर थरथरत होता. रेघ निम्म्यावर आली होती, आणि तिच्यातून पाण्याचा एक थेंब बाहेर येऊन तिथेच थांबला.

सुगतने दांडा सोडला आणि दाब उतरवायचा कॉक पूर्ण उघडला. काटा शून्यावर पडला.

“मी नाही करत, साहेब,” तो म्हणाला. “करा तुमाले करायचं तं.”

साहेबांनी दांड्याला हात घातला नाही. विज्ञानावर श्रद्धा असणाऱ्या माणसाचा हात ऐन वेळी खिशात जातो, हे मी त्या दिवशी पाहिलं. भैय्यालालने फोन पुढे केला. पलीकडे रडारड, गोंधळ. तिसऱ्या खोलीतलं वऱ्हाड बाहेर पळालं होतं. छताला आडवी भेग गेली होती, निम्म्यापर्यंत. तिथेच थांबली होती.

पुढचं नियमानुसार झालं. सुगतला कारणे दाखवा नोटीस निघाली : वरिष्ठांच्या आदेशाचा भंग, चाचणी अपूर्ण. उत्तर मीच लिहून दिलं. नोटीसही मीच लिहिली होती. चौकशीत पहिल्या दोन खोल्या ‘जमिनीतील ओलाव्यामुळे’ पडल्याचं ठरलं. मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत. तिसरी खोली पडली नाही, म्हणजे ती मजबूत आहे, असा तांत्रिक निष्कर्ष निघाला. भेग गिलाव्याने बुजवली. वर गुलाबी रंग दिला, त्यावर बाराखडी आणि हत्ती काढला. जूनच्या सव्वीस तारखेपासून चाळीस पोरं त्या एका खोलीत बसू लागली. टेकचंद साहेब बढतीवर नागपूरला गेले. तिथे ते गुणवत्ता नियंत्रण पाहतात असं ऐकलं.

बायजाबाईने नवा अर्ज दिला : तिसरी खोली पाडा. टीनाला तिने शाळेत पाठवलं नाही. बाकीच्या चाळीस जणांच्या आयांना ती घरोघर सांगत फिरली. खिचडी तिथेच मिळते, मास्तर तिथेच येतात. आया काय करणार?

शेवटी ती एका शनिवारी माझ्याकडे आली. “बाबूजी, उद्या आयतवार. शाळेत कोनी नसते. तुमी तो उरलेला ठोकळा फोडून टाका. खोली पडंन, पोरं वाचतीन.”

साधा, शहाणा उपाय होता. कोणत्याही अभियंत्याला सुचला नसता.

रविवारी सुगतने प्रयोगशाळा उघडली. बायजाबाईने गावातून निरोप दिला, खोलीला कुलूप आहे, आवारात कोणी नाही. त्या मंगळवारी परत टाकीत सोडलेला तिसरा ठोकळा बाहेर काढला तेव्हा गार होता. सुगत हापसत राहिला. चौदा झाले, पंचेचाळीस झाले, साठ झाले. शंभर. काटा दोनशे टनांवर जाऊन टेकला, त्यापुढे यंत्राला आकडा नाही. ठोकळ्याचा कणही निघाला नाही. आम्ही ओळीने तीन रविवार हे केलं.

सोमवारी मात्र शाळा भरायच्या वेळेला तो पाण्यात कोमट होतो. दुपारपर्यंत हात लाववत नाही. पाचला पोरं घरी गेली की निवतो. भर शाळेच्या वेळी तो यंत्रात ठेवून पाहण्याची आमची हिंमत नाही.

मी निवृत्त झालो. सुगत अजून तिथेच आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत, शाळा बारा दिवस बंद असताना, दुपारी त्याचा फोन आला. तो म्हणाला, “बाबूजी... गरम हाय.”

मी बायजाबाईला गावात निरोप पाठवला. तिने जाऊन पाहिलं. खोलीला कुलूप होतं. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर आत कुणी नव्हतं. टाटपट्ट्या मात्र गुंडाळून ठेवलेल्या नव्हत्या. ओळीने अंथरलेल्या होत्या.

तिसरी खोली पाडण्याच्या अर्जाबाबत परवा कार्यालयात चौकशी केली. अर्ज सापडला आहे. त्यावर कार्यवाही प्रलंबित आहे.