लीग चालली तर…

चढाईला गेलेल्या पोरीनं हसायचं नसतं. हसलं की 'कबड्डी-कबड्डी'चा दम तुटतो, दम तुटला की पंचांची शिट्टी वाजते, आणि मग बाहेर बसून नुसतं बघत राहावं लागतं. अर्पिताला हे शाळेपासून ठाऊक होतं. तरीही त्या दुपारी, संग्रामपूरच्या मैदानावर, ऐन बाजाराच्या दिवशी… ती हसली.

चूक तिची नव्हती. चूक त्या आवाजाची होती.

"…अन् हे पाहा मंडळी, निंघाली वरवट बकालची अर्पिता! कशी चालून राह्यली पाहा… जशी बाजारात वांगे दाबून पाहून राह्यली! हे नको, निब्बर हाय… हे नको, किडकं हाय… हे…"

समोरच्या पकडीतल्या दोघी फिसकन हसल्या. अर्पितानं ओठ गच्च आवळले, पण हसू नाकातून निसटलंच. शिट्टी वाजली. बाद!

सामना संपला तशी ती केसांचा बो सोडत तरातरा भोंग्यांकडे गेली. एक उंच, सावळा मुलगा कोपराभोवती वायरची गुंडाळी करत होता.

"ओ भाऊ…"

"भाऊ नका म्हणू," तो मान वर न करताच म्हणाला. "सोनाळ्याचा शेखर म्हणा."

"तुम्हाले कोण सांगतलं होतं बोलाले?"

"कोणीच नाई. नागपूरचे निवेदक आलेच नाईत. माईक रिकामा दिसला…"

"मंग बंद ठेवायचा! माह्यी चढाई वाया गेली ना!"

आता त्यानं वर पाहिलं. डोळे आधी हसले, मग ओठ. "चढाई गेली, हे खरं. पण तुमचं हसणं काही वाया गेलं नाई."

  "बैताड! येडा कुठला!" म्हणून अर्पिता वळली.

"हाव," मागून आवाज आला. "सोनाळ्यात सारे हेच म्हणतात."

ती पुन्हा हसली. या वेळी पाठमोरी होती, म्हणून बरं.

अर्पिता खेळत होती ती 'रणरागिणी कबड्डी लीग' अजून पुरती एका वर्षाचीही नव्हती. मुलींची, पगारी, रंगीत दिव्यांची, टीव्हीवर दिसणारी लीग! वरवट बकालला देवानंद भाजीवाल्याची पोरगी टीव्हीवर दिसली, तेव्हा अख्खा मोहल्ला त्यांच्या ओसरीत जमला होता. पण नागपूरच्या त्या भल्यामोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. दोन संघांचे मालक पहिल्याच वर्षी हात झटकून मोकळे झाले. मग लीगवाल्यांनी ठरवलं, या हिवाळ्यात तालुक्या-तालुक्यात प्रदर्शनीय सामने भरवून पाहायचे. लोक आले तर दुसरा सीझन. नाही आले… तर रामराम.

आणि रामराम म्हणजे काय, ते अर्पिताला पक्कं माहीत होतं. आई सुवर्णानं अकोटचं एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. "लीग हाय तंवर खेळ बाई," ती म्हणायची. "बंद झाली का मंग माह्यं ऐकाचं."

त्या दिवशी प्रशिक्षक अनुपमाताईंनी मात्र वेगळंच काही टिपलं. बाजाराला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून थांबली होती. कबड्डीसाठी नव्हे, त्या आवाजासाठी थांबली, आणि मग कबड्डी बघत राहिली. ताईंनी शेखरला विचारलं, "येतोस का आमच्याबरोबर पुढच्या गावांना?"

"येतो की," तो म्हणाला, आणि अर्पिताकडे न बघण्याचा त्यानं इतका प्रयत्न केला, की साऱ्या संघाला कळलं.

मग सुरू झाली ती गावं. सोनाळा, जळगाव जामोद, नांदुरा… हिवाळ्याचं कोवळं ऊन, तुरीच्या वावरांवरून येणारा वारा, मैदानात अंथरलेली निळी मॅट आणि भोंग्यातून घुमणारा तो वऱ्हाडी आवाज. पोट्टे भिंतींवर चढायचे, बाया डोक्यावरचा पदर सावरत पुढे सरकायच्या. "पकड बे तिले! पाय धर, पाय!" असं आजोबा ओरडायला लागले, तेव्हा अनुपमाताईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

शेखर सगळ्या मुलींची नावं एका दमात घ्यायचा. एकाच नावाआधी किंचित थांबायचा. "…अर्पिता." इतकंच. कुणाच्या लक्षातही येऊ नये एवढं थांबणं. पण मॅटवर उभी अर्पिता तेवढ्यानं उगाच जर्सी सारखी करायची, आणि शेजारची पोरगी तिला कोपरानं ढोसायची.

एकदा तिच्या लक्षात आलं, की बाकावर तिच्या जागी ऊन कधीच नसतं. प्रत्येक गावी मोठा भोंगा अशा बेतानं उभा, की त्याची सावली नेमकी तिच्यावर पडावी.

"आवाज तिकडे लोकाईकडे जायला पाह्यजे ना?" तिनं विचारलं. "मंग हा डब्बा इकडे काऊन?"

"आवाज जाते बरोबर," तो खाली बघत म्हणाला. "डब्ब्याले दोन कामं हायेत."

मलकापूरला अवकाळी पाऊस आला. आभाळ नुसतं दाटलं म्हणता म्हणता टपोरे थेंब मॅटवर ताडताड वाजू लागले. लोक पांगले, मुली गाडीकडे पळाल्या. शेखर भोंग्यांवर ताडपत्री ओढत होता. एक टोक वाऱ्यानं उडालं, ते अर्पितानं धावत जाऊन धरलं. मग दोघंही त्याच ताडपत्रीखाली अडकले. बाहेर पांढरा पाऊस. आत ओल्या मातीचा वास, आणि एका हाताच्या अंतरावर तो.

तिच्या कानामागून थेंब ओघळत होता. शेखर त्या थेंबाकडे बघत होता. बघतोय हे तिला दिसत होतं…

"शेखर."

"हं?"

"तुम्हाले काय वाटते? चालंन का लीग?"

त्यानं ताडपत्रीचं टोक पायाखाली दाबलं. "खरं सांगू? रागावशीन तू."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. दोघांनीही ते ऐकलं, आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

"कधी कधी वाटते… बंदच पडावी," तो म्हणाला. "तू वरवटले राह्यशीन. मी सोनाळ्याले. सायकलवरही येता येईन मले. अन् मंग दुसऱ्या दिवशी माईक हातात घेतला का तू दिसतं मॅटवर… अन् माह्यी मलेच लाज वाटते."

अर्पिताला राग यायला हवा होता. आलाही. पण तो त्याच्यावर नव्हता. कारण मागच्या आठवड्यात गाडीत खिडकीशी बसून तिनं नेमकं हेच मनात आणलं होतं… की सगळं थांबावं, आणि कुणी विचारलं तर म्हणता यावं, माझा काय इलाज?

"असं पुन्हा बोलू नको," ती हळूच म्हणाली. "मलेही तसं वाटते म्हणून."

पाऊस थांबला. ताडपत्री मात्र लगेच उचलावीशी कुणालाच वाटली नाही.

शेवटचा सामना खामगावला झाला. मैदान भरलं, मग भिंती भरल्या, मग कडुनिंबाच्या फांद्या भरल्या. शेखरचा आवाज बसला तरी तो बोलत होता. जिंकल्यावर लोकांनी अर्पिताला खांद्यावर घेतलं, आणि तेवढ्या उंचीवरून तिनं आधी पाहिलं ते भोंग्यांकडे.

पुढच्या आठवड्यात अनुपमाताई वरवटला घरी आल्या. "वाचली!" दारातूनच त्या म्हणाल्या. "खामगावची गर्दी पाहून नवा मोठा प्रायोजक आलाय. दुसरा सीझन नक्की. बाहेरच्या राज्यांचेही संघ येणार. शिबिर बंगळुरूला, आणि अर्पिता, तू संघाची कर्णधार!"

देवानंदनं हातातली मेथीची जुडी तशीच धरली. सुवर्णा पाणी आणायला आत गेली ती तिथेच थबकली. अर्पितानं विचारलं, "अन् शेखर?"

ताईंचा आवाज खाली आला. "प्रायोजकांना सगळीकडे हिंदी निवेदन हवंय. मी सांगून पाहिलं गं… खूप सांगून पाहिलं."

"ज्याच्या आवाजानं लोक थांबले, त्यालेच काढलं?"



दुसऱ्या दिवशी ती सोनाळ्याला गेली. घरच्या संत्र्याच्या बगीच्यात शेखर तोडणीच्या माणसांबरोबर होता. तिला पाहताच हातातली टोपली ठेवून तो बांधावर आला.

"समजलं मले," तोच म्हणाला. "ताईचा फोन आला होता."

"मी जाणार नाई."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुले काढलं त्याईनं! लीग जगली ती तुह्यामुळं…"

"पाच-दहा गावात लोक माह्या बोलण्यानं थांबले असतीन," तो म्हणाला. "पण लोक पाहत काय होते? मले? अर्पिता, मी नुसता बोलून राह्यलो होतो. खेळून तू राह्यली होती."

"मले तिथी तुह्या आवाजाबिगर खेळता येणार नाई."

"येईन. माह्याआधी येत होतं ना?" तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "तू राह्यली तर रोज दिसशीन मले. अन् रोज मी मनात म्हणीन, हे माह्यामुळं घरी बसली. मले असं नाई पाह्यजे."

"मंग काय पाह्यजे तुले?" ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मलकापूरपासून नुसता इकडे-तिकडे पाहून राह्यला तू… बोल ना एकदा!"

वाऱ्यानं संत्र्याची पानं सळसळली. त्यानं तिच्या ओढणीला अडकलेलं एक सुकलं पान काढलं. 

"तू पाह्यजे," तो म्हणाला. "पण जाऊन आलेली."

अर्पिता रडली. त्याच्या खांद्याला कपाळ टेकवून, तोडणीवाले बघताहेत याची पर्वा न करता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अन् आई? तिचं अकोटचं स्थळ?"

"ते माह्यावर सोड."

आणि खरंच, ती निघायच्या आदल्या दिवशी शेखर आईला, कौशल्याबाईंना घेऊन वरवटला आला. इस्त्रीचा सदरा, हातात संत्र्यांची पिशवी. सुवर्णानं चहा ठेवला, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

"पोरगी उद्या जाऊन राह्यली, अन् तुम्ही आज आले?"

"ती जाऊन राह्यली म्हणूनच आलो, काकू," शेखर म्हणाला. "तिले थांबवाले नाई आलो. एवढंच सांगाले आलो, का मी थांबून राह्यलो."

"अन् ते लीग दोन वर्षं चालली तर? पाच वर्षं चालली तर?"

"चालो ना."

"अन् उद्याच बसली तर?"

"लीगचा भरोसा मी काय देऊ, काकू? माह्या देतो."

 देवानंदनं पिशवीतलं एक संत्रं सोललं, अर्धं सुवर्णापुढे धरलं. "घे," तो म्हणाला. "गोड हाय." सुवर्णानं नवऱ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि फोड तोंडात टाकली. 'हो' ती म्हणाली नाही. पण अकोटचं नावही पुन्हा घरात निघालं नाही.

बंगळुरू सुंदर होतं. हवा थंड, झाडं जांभळ्या फुलांनी लगडलेली, आणि संध्याकाळी न चुकता रिमझिम. अर्पिता पहाटेपासून घाम गाळायची. रात्री पापण्या मिटल्या की सोनाळ्याच्या बांधावरचा वारा अंगाला लागायचा. फोनवर तो बगीच्याचं सांगायचा, ती सरावाचं. सांगून संपलं तरी फोन मात्र कुणी ठेवायचं नाही.

पहिल्या सामन्याला स्टेडियम अर्धंच भरलं. निवेदक सफाईदार हिंदीत बोलत होता. तिचं नाव त्यानं कुठंही न थांबता घेतलं. अर्पिता चढाईला गेली… एक गडी, दोन गडी, आणि बोटभर अंतरानं परतली. संघ जिंकला. मैत्रिणी गळ्यात पडल्या, आणि त्या गलबल्यात तिला इतकं एकटं वाटलं, की ती तशीच बाहेर पडली आणि पावसाच्या पागोळ्यांशी उभं राहून तिनं फोन लावला.

पलीकडे नुसता कल्लोळ होता. शिट्ट्या, टाळ्या, बायांचं हसणं.

"शेखर? कुठी हायेस तू?"

"चौकात!" त्याचा आवाज पुरता बसला होता. "पडदा लावला ना! टीव्हीचा आवाज बंद केला, अन् मीच बोललो सारा सामना. सोनाळा सारं अथीच हाय! संग्रामपूरवाले म्हणतात, पुढचा सामना आमच्याकडे लाव. अर्पिता, तुह्या आईबाबालेही आणलं मी. तुह्यी आई… तुह्यी आई खुर्चीवर उभी राहून वरडून राह्यली होती!"

अर्पिता हसता हसता रडायला लागली.

"रडून राह्यली काय बे?"

"नाई." तिनं मनगटानं डोळे पुसले. पाऊस तिच्या पायांवर उडत होता. "आई जवळ हाय का?"

"हाय ना. देऊ?"

"नको. तूच सांग तिले… म्हणाव, तारीख काढून ठेव. सीझन संपल्याबरोबरची."

कल्लोळ तसाच होता. मग अगदी हळू, कानाशी बोलावं तसं त्यानं विचारलं, "अन् पुढच्या वर्षी लीग चालली तर?"

"तर पुढच्या वर्षी," अर्पिता म्हणाली, "तुह्यी बायको चढाईले जाईन."