पहिली खुर्ची

"दार उघडा, वन्सं... माझं काय चुकलं ते मला ठाऊक नाही, पण राग माझ्यावर काढायचा तर माझ्यावर काढा. माझ्या लेकीच्या रक्तावर कशाला काढता?"

गारिफालिया बाहेर उभी राहून दारावर मुठी आपटत होती, आणि आत दाराला पाठ लावून बसलेली तिची नणंद एवान्थिया शालीचा बोळा तोंडात कोंबून येणारा खोकला छातीतच दाबत होती. एवढ्याशा लाकडापलीकडे आपली भावजय रडते आहे, आणि आपल्याला तिचे डोळे पुसायला हातही पुढे करता येत नाही... या विचाराने तिचं काळीज तीळतीळ तुटत होतं.

"नका बोलू. मिर्तोला मांडीवर खेळवलंत, आज तिचे ओठ पांढरे पडलेत, आणि तुम्ही रुसून बसलात? आजपासून तुम्ही मला मेलात."

पावलं दूर गेली. मग एवान्थिया मनसोक्त खोकली.

रुसवा खोटा होता. भांडण झालंच नव्हतं.

मिर्तो तिच्या धाकट्या भावाची, लाम्ब्रोसची एकुलती एक मुलगी. तिला जन्मापासून थॅलसेमिया. दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवलं तरच पोर उभी राहायची. आईबापांच्या रक्तातच तो दोष, त्यामुळे त्यांचं रक्त कुणी घेत नसे. त्यांच्याकडची रीत अशी, की ज्या घरी रक्त लागतं त्या घराच्या नावाने नातलगांनी आणि शेजाऱ्यांनी बाही वर करायची. दर ईस्टरच्या आधी आणि पुन्हा शरदात गावच्या शाळेत रक्तदान शिबिर व्हायचं, आणि पहिल्या खुर्चीवर एवान्थिया बसायची. दारात घुटमळणाऱ्यांना ती तिथूनच हाक मारी, "या की, इथे कोंबडं कापत नाहीत!" माणसं हसत आत येत. एकटीचं रक्त कितीसं पुरणार? पण तिला बघून गाव बसायचं. ही खुर्ची सोडून जायला नको म्हणूनच तिने व्होलोस बंदरातल्या एका होड्या बांधणाऱ्याला लग्नाला नकार दिला होता. त्या बिचाऱ्याला कारणसुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र साथ आली. रस्ते ओस पडले, इस्पितळातलं रक्त आटलं. एवान्थियाने फोन करकरून एकेकाला समजावलं, "खिडक्या उघड्या असतील, खुर्च्या लांब लांब. प्रत्येकाला वेगळी वेळ. मास्क लावा आणि या. ताप-खोकला असेल त्याने मात्र घरातच राहायचं." लोक कसेबसे तयार झाले, आणि शिबिर तोंडावर आलेलं असताना तिलाच ताप भरला.

तिने लगेच गावच्या डॉक्टर मुलीला फोन लावला.

"इतक्यात कुणाला भेटलात, आत्या?"

"कोंबड्यांना. त्यांनीही तोंड फिरवलं."

"मग शिबिराला तुमच्यापासून धोका नाही. पण दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि रक्त तर नाहीच."

"नाही टाकत गं. फक्त मी आजारी आहे हे कुणाला सांगू नकोस. कळलं तर शाळेकडे चिटपाखरू फिरकणार नाही."

पण पहिली खुर्ची रिकामी का, हे लोक विचारणारच! आजारी म्हटलं तर गाव घाबरेल, भीती वाटते म्हटलं तरी घाबरेल. एवान्थियाने पाववाल्या देस्पोला फोन केला. टाळेबंदीतही सगळं गाव पावासाठी देस्पोच्या खिडकीशी यायचं, आणि पावाबरोबर बातमी घेऊन जायचं.

"गारिफालियाने माझा अपमान केला, देस्पो. मी काही रक्त देणार नाही."

"अगं, पण पोरीचा काय दोष?"

"ते तिच्या आईने बघावं."

फोन ठेवल्यावर तिने उशीत तोंड खुपसलं. मिर्तोबद्दल असं बोलणारी ही जीभ झडून का पडली नाही...

दुपारपर्यंत पाव संपले आणि बातमी घरोघर पोचली. गाव पेटून उठलं. म्हातारीच्या रुसव्यापायी पोरीने मरायचं का? शिबिराच्या दिवशी एवान्थियाने पडद्याच्या फटीतून बघितलं, तर शाळेपासून चौकापर्यंत अंतरा-अंतराने माणसं उभी होती, मास्क लावून, तिच्या घराकडे रागाने बघत. सर्वांत पुढे देस्पो. लाम्ब्रोस रांगेतल्यांना पाणी देत होता. त्याने एकदा बहिणीच्या खिडकीकडे बघितलं आणि पाठ फिरवली. लहानपणी तिच्याच कडेवर वाढलेला भाऊ... पण मिर्तोला रक्त मिळणार होतं. एवान्थिया पडद्यामागे हसत होती आणि रडत होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी पांढऱ्या कपड्यातली माणसं तिला उचलून शहराच्या इस्पितळात घेऊन गेली. तेव्हा मात्र डॉक्टर मुलीला राहवलं नाही. तिने गारिफालियाला एकटीला गाठून सगळं सांगितलं.

नर्सने फोन एवान्थियाच्या कानाशी धरला. पलीकडून नुसते हुंदके येत होते.

"वन्सं... मी तुम्हाला मेलात म्हणाले. कुठल्या तोंडाने क्षमा मागू?"

"मिर्तो... कशी आहे?"

"ईस्टरची अंडी रंगवायला बसली आहे. बोटं लाल झालीत, ओठही. तुम्ही बऱ्या व्हा, मी चौकात उभी राहून गावाला ओरडून सांगते, माझी वन्सं कोण आहे ते."

एवान्थियाने श्वास गोळा केला. "नाही... सांगायचं नाही. मी तेव्हाच आजारी होते, हे कळलं तर पुढच्या खेपेला कुणी येईल का? चिडून येतात... येऊ देत."

"लोक तुम्हाला नाही नाही ते बोलतात. मी कसं ऐकू?"

"मी ऐकलं... तसं. मिर्तोची शपथ आहे तुला."

गारिफालियाने शपथ घेतली. ईस्टरच्या सकाळी एवान्थिया गेली. बंद पेटी, पाद्री, भाऊ आणि भावजय... बाकी कुणाला परवानगी नव्हती, आणि असती तरी कुणी आलं नसतं.

शरदात शाळेत पुन्हा शिबिर भरलं. पहिल्या खुर्चीवर देस्पो बसली होती, बाही दंडापर्यंत वर करून.

"मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये," ती मास्कमधून म्हणाली, "पण तुझी नणंद भारी खुनशी बाई होती हो. पोरीचासुद्धा विचार केला नाही."

गारिफालियाने नजर उचलली. पलीकडे खिडकीशी मिर्तो उभी होती, गालांवर रंग आलेली. दारात अजून माणसं येत होती.

"खरंय," गारिफालिया म्हणाली, आणि देस्पोसाठी संत्र्याचा रस आणायला वळली.