योहानाच्या ओळीखाली

"मावशी, उद्याचा कपडा गायब आहे. मम्मी काहीच बोलत नाहीये. तुम्ही येता का?"

फोनवर मैत्रेयी होती. तिच्या आवाजात रडू नव्हतं की घाई नव्हती. दूध संपलंय म्हणून सांगावं तशी ती सांगत होती.

गिरिजाबाईंनी गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवल्या. तिलक नगरात मैत्रेयीच्याच गल्लीत त्या राहायच्या. विमा कंपनीत सगळी नोकरी मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करण्यात गेली. बदलीवर जयपूरला आल्या आणि निवृत्तीनंतर इथेच राहिल्या. आयुष्यभर मरणंच तपासल्यामुळे झालं होतं असं, की कुणी गेल्याचं कळलं तरी बाईंना वाईट वाटायला वेळ लागायचा. आधी प्रश्नच सुचायचे. हे काही चांगलं लक्षण नाही, हे त्यांना माहीत होतं.

मैत्रेयीचे वडील, सुभेदार विलास, मूळचे शेवगावचे ख्रिस्ती. शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली आणि कुटुंब इथेच राहिलं. डिसेंबरात त्यांचा मुलगा निनाद आग्रा रोडवर बस्सीजवळ मोटारसायकलवरून पडला आणि काही दिवसांनी इस्पितळातच वारला. तेव्हापासून या घरात माणसं होती, पण घर नव्हतं. टीव्ही बंद होता, भांडण नव्हतं, रडणंही नव्हतं.

शालिनी, म्हणजे निनादची आई, तिने तर अन्नच सोडलं होतं. मग एके दिवशी विलासने तिला सांगितलं, की शेवटच्या पहाटे निनाद त्याच्याशी बोलला. 'पप्पा, मला योहान वाचून दाखवा, माझा विश्वास आहे,' असं म्हणाला. ज्या पोराने चर्चच्या उपासनेला येणं कधीच सोडलं होतं, त्याचे हे शब्द! त्या संध्याकाळी शालिनी पहिल्यांदा भाकरी खाऊन उठली. ते वाक्य नसतं तर ती पुन्हा ताटावर बसली असती की नाही, कोण जाणे.

गायब झालेला कपडा त्याच वाक्याचा होता. शालिनीने जयपूरजवळच्या बगरूहून लाकडी ठशांनी छापून घेतलेला, भिंतभर लांब. वर योहानाची ओळ, खाली निनादचं ते वाक्य. उद्या रविवारी स्मरण-उपासनेत तो टांगायचा होता आणि त्याच्यासमोर उभं राहून विलासला साक्ष द्यायची होती. देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, ही त्यांची रीत.

मैत्रेयीने कपडा ठेवला होता ती कपाटावरची जागा दाखवली. ती रिकामी होती. गिरिजाबाईंनी खाली पाहिलं. कपाटाला किल्ली तशीच लटकत होती. आत निनादची सोन्याची चेन होती, शालिनीच्या बांगड्या होत्या. कुणी हात लावला नव्हता.

"काल कोण आलं होतं?"

"मुरलीधर भैया. बगरूवाले. तेच घेऊन आले," मैत्रेयी म्हणाली. "त्यांना तो फार आवडला होता. मतलब, प्रदर्शनात ठेवायला मागत होते. मला त्यांचाच संशय आहे."

गिरिजाबाईंनी तिथूनच मुरलीधरला फोन लावला.  चोरीचं ऐकून त्याने हिंदीत एवढंच विचारलं, की कुणी घडी तर नाही घातली? काल त्याने घरात सगळ्यांना बजावलं होतं, गुंडाळूनच ठेवा, घडीची रेघ जात नाही.

बाहेरच्या खोलीत विलास आपल्या होल्डॉलवर बसला होता. गुंडाळून, पट्टे आवळून बांधलेलं ते फौजी अंथरूण. निनाद गेल्यापासून तो खाटेवर झोपत नव्हता. होल्डॉल जमिनीवर पसरायचा आणि सकाळी गच्चीवर उन्हात टाकायचा. गिरिजाबाई आपल्या गच्चीवरून रोज बघायच्या. त्याने त्यांना खुर्ची दिली. स्वतः उठला नाही.

"रात्री काही आवाज?"

"नाही."

"दार?"

"मीच लावलं. सकाळी मीच उघडलं."

"पोलिसांत जायचं?"

"काय करायचंय आता," विलास म्हणाला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर फेब्रुवारीचं छान ऊन पडलं होतं.

स्वयंपाकघरात शालिनी चहा गाळत होती. गिरिजाबाईंनी तिला कपड्याबद्दल नाही, ओळीबद्दल विचारलं. आम्हाला त्यातलं काही कळत नाही, ती योहानाची ओळ काय आहे?

"त्याने शुभवर्तमान कशासाठी लिहिलं, ते," शालिनी म्हणाली. "प्रभूने आणखी पुष्कळ केलं, ते सगळं यात नाही. जे लिहिलं, ते तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून लिहिलं. स्वतःच सांगून टाकलंय त्याने."

गिरिजाबाई कप हातात घेऊन उभ्याच राहिल्या. कोणताही जबाब आला की त्या हेच तर विचारायच्या, हा माणूस हे कशासाठी सांगतोय?

स्वयंपाकघरातून बाहेर येताना त्यांनी मैत्रेयीला विचारलं, तू दादाला शेवटचं कधी पाहिलंस?

"आयसीयूत. सगळं संपल्यावर. नर्सने त्याच्या घशातली नळी काढली तेव्हा मी तिथेच होते. पहिल्या दिवसापासून होती ती." ती सहज बोलून गेली. त्या दिवसांतलं काही जोडून बघायची ताकद या घरात कुणाला उरली नसावी.

गिरिजाबाईंचा चहा निवला. क्षणभर त्यांना वाटलं, घरी जावं, मुरलीधरवर ढकलून मोकळं व्हावं. पण मग त्या माणसाला चोर म्हणायचं? आणि उद्या विलास काय करणार?

त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"सुभेदार, उठता का जरा?"

विलास उठला नाही.

"चोराने सोनं सोडून कपडा नेला, म्हणजे त्याला पैसा नको होता," गिरिजाबाई हळू बोलत होत्या. "दार आतून बंद होतं, म्हणजे तो घरातलाच. कपडा गुंडाळूनच ठेवायचा होता, आणि अख्ख्या घरात गुंडाळून ठेवायला जागा एकच. तुमचा होल्डॉल रोज उन्हात असतो. आज एवढं ऊन असून तुम्ही त्याच्यावर बसून आहात."

"पप्पा?" मैत्रेयी म्हणाली.

"का, तेही सांगते. वाईट वाटून घेऊ नका. घशात नळी असलेला माणूस बोलत नाही. निनाद बोललाच नाही. ते तुम्ही रचलंत, शालिनीने जेवावं म्हणून. घरात चालून गेलं. पण काल ते योहानाच्या ओळीखाली छापून आलं, आणि उद्या त्याच्यासमोर साक्ष द्यायची. ते तुमच्याने होईना."

विलासने मान खाली घातली. "हिच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "देवापुढे कसं बोलू? आणि मला तर आता... मी वाचतो, पण काही वाटत नाही. निनादसारखंच."

गिरिजाबाईंनी भीतभीत शालिनीकडे पाहिलं. ती कोसळली नाही. पदराला हात पुसत उभी होती.

"नळी मला दिसली होती, अहो," ती म्हणाली. "मी पण आई आहे त्याची."

"मग तू जेवलीस ते?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढं रचून आणलंत, म्हणून जेवले."

"आणि छापलंस कशाला?"

"तुमच्यासाठी. तुम्ही प्रार्थनेला नुसते बसता, ते कळत नाही का मला? म्हटलं, रोज समोर दिसलं तर तुमचा तरी विश्वास बसेल."

 मग विलास उठला. त्याने पट्टे सोडले, कांबळं उलगडलं आणि कपडा काढून शालिनीच्या हातात दिला. एकही घडी पडलेली नव्हती.

शालिनीने सुईदोरा आणला. निनादच्या वाक्याचा भाग मागे दुमडून ती टाके घालू लागली. रेघ पडायची ती पडली.

"त्या पहाटे खरं काय झालं?" तिने वर न बघता विचारलं.

"काही नाही. त्याचे पाय गार पडले होते. मी चोळत बसलो."

"मग उद्या तेवढंच सांगा," शालिनी म्हणाली, आणि कपड्याचं दुसरं टोक धरायला त्याच्या हातात दिलं.