ग्रिमक्वॉयच्या टेकाडाची किल्ली

शेगडीत जळाऊ मातीचं अजून एक ढेकूळ टाक रे स्वेन, आणि दार नीट लोटून घे. अर्लेंडला तुम्ही सगळे ओळखता. पण एकवीस डिसेंबरच्या त्या रात्रीचं तो तुम्हाला कधी सांगायचा नाही; मला एकदाच सांगितलं.

ग्रिमक्वॉयच्या टेकाडात ते जुनं थडगं आहे ना, त्याच्या लोखंडी जाळीच्या दाराची किल्ली अर्लेंडकडे असते. त्याच्याआधी चाळीस वर्षं ती त्याच्या बापाकडे, डेव्होकडे होती. अंधार पडला की कुलूप लावायचं. पण त्याआधी रांगत रांगत बोळातून आत जायचं, पाचही कप्पे डोळ्यांनी बघायचे, थडगं बघायला आलेलं कुणी आत राहिलं नाही ना याची खात्री करायची. बाहेरून हाक मारून भागवायचं नाही.

"गुडघे झिजतील म्हणून भितोस होय रे?" म्हातारा लेकाला टोमणा मारायचा. "मेंढरं तरी मोजतोस, का त्यांनाही नुसती हाकच मारतोस?"

त्या दिवसांत आमच्या बेटावर साडेतीनलाच अंधारतं. अर्लेंड पावणेचारला निघाला. गारा अशा झोडपत होत्या की डोळे उघडवेनात. म्हणून त्या एका दिवशी तो बाहेरच वाकला आणि ओरडला, "आहे का कुणी आत?"

उत्तर नाही. त्यानं कुलूप लावलं आणि घरी आला.

त्याची बायको मेरन सूप ढवळत होती. "एकटाच? बाबा कुठायत?"

"कुठायत म्हणजे? घरात नाहीत?"

"अरे, ते तुझ्याआधीच गेले. म्हणाले, पोरगं आळशी आहे, आतून मीच बघतो."

बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली. म्हाताऱ्याचं कानाचं मशीन तिथंच पडलं होतं.

अर्लेंड पळत सुटला.

बॅटरीच्या उजेडात जाळीतून एक हात बाहेर आलेला दिसला. करंगळी नसलेला. बापाचाच. अर्लेंडनं तो घट्ट धरला, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली. कुलूप गळून पडलं.

दार उघडेना.

त्यानं पाय रोवून ओढलं. आतूनही कुणीतरी ओढत होतं. तेवढ्याच जोरानं.

"बाबा, दार सोडा!"

"मी कुठं धरलंय रे?" म्हातारा म्हणाला.

मशीन नसताना... ऐकू आलं म्हाताऱ्याला.

मग आत, म्हाताऱ्याच्या मागं कुणीतरी कुजबुजलं. एक नाही. पुष्कळ.

हातातला हात आत सरकायला लागला. हळू. एकेक बोट.

"बाबा..."



हात सुटला. आणि दार आपणहून उघडलं.

मेरननं बोलावलं तसे आम्ही सातजण धावलो. पाच कप्पे, एकच बोळ, दुसरी वाट नाही. आत अर्लेंड एकटा. सकाळपर्यंत किनारा, खडक, सगळं धुंडाळलं. डेव्हो सापडला नाही.

अर्लेंड शेवटच्या कप्प्यात बसला होता, जमिनीला तळवा टेकवून. "हात लाव," एवढंच म्हणाला मला.

मी लावला. बाकीचे दगड बर्फ. तेवढी एक फरशी, माणूस बसेल एवढी... गरम. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

सात वर्षं झाली त्याला. परवा मी रांगत जाऊन पुन्हा हात लावून आलो.

अजून गरम आहे.