सहाव्या यंत्राच्या ओळी

इलिंकाने हे रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर तिने पटेल असं काहीतरी रचलं असतं.

बारा वर्षं मी तिच्या शेजारी राहतोय. तिने हे मला एकदाच सांगितलं. तेही ओट्याशी, पाठमोरी उभी राहून.

तारीख तीन फेब्रुवारी. फगराश डोंगराच्या पायथ्याचं बचाव पथकाचं ठाणं. दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं.

स्कीवर गेलेला एक पाहुणा हरवला होता. त्याला शोधायला पथकातले तिघे वर गेले. त्यात इलिंकाचा नवरा, होरिया. (तो पाहुणा पलीकडच्या बाजूने केव्हाच उतरला होता आणि खानावळीत गरम सूप पीत बसला होता. पण ते नंतर कळलं.)

तिघांकडे मुठीएवढी यंत्रं होती. माणूस कुठे आहे ते यंत्र दर पाच मिनिटांनी ठाण्याच्या सर्व्हरला कळवायचं. सर्व्हर ती ओळ फाइलमध्ये लिहायचा, की नकाशावर ठिपका हलायचा. तो सर्व्हर सांभाळायचं काम इलिंकाचं.

तीन बाराला दिवे क्षणभर गेले.

लगेच आले. सगळं जिथल्या तिथे.

फक्त ठिपके हलेनात…

जेवायला बसले असतील, असं तिला वाटलं. तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. लांबलचक, जड.

मग काहीच नाही.

वायरलेसवर तिने तिघांनाही हाका मारल्या. एकाचंही उत्तर नाही.

ती सर्व्हरकडे धावली. स्क्रीनवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. डिस्कवर लिहिता येत नाही. वीज झटका देऊन गेली होती, डिस्कमधल्या नोंदी बिघडल्या होत्या आणि आणखी नासाडी नको म्हणून सर्व्हरने स्वतःलाच कुलूप घातलं होतं. जुनं वाचता येत होतं. नवं लिहिता येत नव्हतं. डोंगरावरून येणारा प्रत्येक निरोप दारातूनच परत जात होता.

तिने कुलूप काढायचा हुकूम दिला. नकार.

पुन्हा दिला. पुन्हा नकार.

ठिपक्यांचा प्रोग्राम बंद करून त्याला दुसरीकडे लिहायला लावावं म्हटलं, तर सुरू होताना तो आधी त्याच डिस्कवर खूण ठेवायला जायचा आणि तिथेच आडवा व्हायचा. आता तर प्रोग्रामही बंद पडला. उरला एकच मार्ग. सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं.

साठी उलटलेले ठाणेप्रमुख, त्रायान काका, दारात उभे होते. उताराखाली आठ माणसं, एक कुत्रा, फावडी, सगळी तयारी होती. पण बर्फाचा कडा दोन किलोमीटर रुंद कोसळला होता. त्याने तिघांना कुठवर लोटलं असेल? खणायचं कुठे?

"किती वेळ लागेल?" काकांनी विचारलं.

"दोन तास."

"पोरी, बर्फाखाली दोन तास नसतात."

तिने जुन्या डिस्कची नक्कल सुरू केली. करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तिने फाइलचा शेवट उघडला. होरियाची तीन बाराची ओळ. ती ओळच तिने डोळे भरून वाचली. आणखी एकदा वाचावी म्हणून फाइल पुन्हा उघडली…

खाली एक ओळ जास्त होती.

तीन सत्तेचाळीस. यंत्र क्रमांक सहा.

पथकाकडे यंत्रं होती पाच.

तिने त्याच फाइलमध्ये एक अक्षर लिहून पाहिलं. नकार. कुलूप जसंच्या तसं.

तीन बावन्न. आणखी एक ओळ. तीच जागा.

काकांची बाही ओढून तिने त्यांना स्क्रीनपाशी आणलं. काकांनी सहाचा आकडा पाहिला… आणि डोक्यावरची टोपी काढली.

तिने जागा वाचून दाखवली. त्यांनी कागदी नकाशावर पेन्सिलीने फुली मारली. फुली पश्चिमेच्या घळीत पडली. तिघे गेले होते पूर्वेला. इलिंका म्हणाली, तिथे ते असणंच शक्य नाही. काकांनी ऐकलं नाही. वायरलेस उचलून आठही जणांना घळीकडे पाठवलं. पलीकडून कुणीतरी विचारलं, ही खबर दिली कोणी?



"आपलाच माणूस आहे," काका म्हणाले.

चार एकतीसला तिघे तिथेच सापडले; कोसळत्या बर्फाने त्यांना घळीपर्यंत लोटत नेलं होतं. एका कपारीत, एकमेकांना घट्ट धरून. निळे पडलेले, पण जिवंत.

होरियाने नंतर इस्पितळात सांगितलं, की डोक्यावर पावलं वाजत होती. कुणीतरी गोल गोल चालत होतं… सावकाश, न थांबता. यांनी घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. त्याने ओ दिली नाही, खणलंही नाही.

पथक पोचलं तेव्हा तिथल्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

वायरलेसवर "जिवंत आहेत" ऐकून इलिंका टेबलावर डोकं टेकून रडली. डोळे पुसून वर पाहिलं, तर ओळी अजून येत होत्या.

चार सत्तेचाळीस. चार बावन्न.

पण जागा आता बदलत होती. क्रमांक सहा वर निघाला होता. ढगात, माथ्याच्या दिशेने. एकटाच.

हा कोण, असं तिने विचारलं. काकांनी खुर्ची ओढली. तीस वर्षांपूर्वी यंत्रं नव्हती, शिरस्त्राणांवर नंबर असायचे. सहा नंबर अंगेलचा. अशाच एका फेब्रुवारीत तो वर गेला, तो गेलाच. नऊ दिवस शोधलं.

"शोध थांबवायच्या कागदावर सही माझी आहे," काका म्हणाले.

पाच वीसला नक्कल पूर्ण झाली. नवी डिस्क लावायची, तर सर्व्हर बंद करणं भाग होतं. आठ माणसं तिघांना घेऊन अंधारात उतरत होती. त्यांचे ठिपके दिसायलाच हवे होते. हे तिला कळत होतं. बोट मात्र पुढे होईना.

"बंद कर, पोरी."

"काका, तो अजून चालतोय."

"दिसतंय मला."

तिने बंद केला.

दहा मिनिटांत नवी डिस्क चालू झाली. उतरणाऱ्या माणसांचे ठिपके नकाशावर आले. सहा नंबर आला नाही. जुनी डिस्क पुढे शहरात तपासली. फाइलची शेवटची ओळ तीन बाराची. त्याखाली कोरं. नव्या डिस्कवरही तेच. काकांचा पेन्सिलीचा नकाशा मात्र आहे. मी स्वतः पाहिलाय.

त्या ओळी कोणी लिहिल्या, हे इलिंका आता विचारत नाही. तिला खातं ते वेगळंच. शेवटच्या ओळींतले आकडे तिला तोंडपाठ आहेत. एका ओळीपासून दुसरीपर्यंत तो किती चालला, ते ती मोजत बसते. पाच मिनिटांच्या मानाने ते अंतर फारच कमी होतं.

जणू तो दर चार पावलांवर थांबत होता… आणि मागून कुणी येतंय का, ते पाहत होता.