बेल्डन फोर्कची एकतीस माणसं

बेल्डन फोर्कला ना नगरपालिका होती, ना महापौर. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधलं हे गाव सरकारदरबारी गाव म्हणून कधी नोंदलंच गेलं नव्हतं. रेल्वे थांबायची तेव्हा इथे चारशे माणसं नांदत होती. मग रूळ उखडले, शाळेला कुलूप लागलं आणि उरली एकोणीस. तोरा मात्र अजून चारशेंचाच. सरकारी म्हणावी अशी एकच गोष्ट गावात होती, ती टपालाची खिडकी. तिच्यामागे कित्येक वर्षं ऑर्फा लिंडक्विस्ट बसायची. खिडकी गेली की गावाचं नाव पत्त्यांतूनही पुसलं जाणार, या विचाराने हल्ली तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

निदान पंचवीस माणसं असतील तरच खिडकी राहील, असं वरून कळवलं होतं. मोजणीला टपालखात्याचे प्रूइटसाहेब आले, ते नेमके गावजेवणाच्या रविवारी.

"सहा माणसं कुठून आणू रे, डेल्मर?" ऑर्फाने शेजाऱ्याला विचारलं.

"माझ्या गाई मोजू दे की. हॅट घालतो त्यांना."

चर्चच्या अंगणात तळलेली कोंबडी होती, बटाट्याचं सॅलड होतं, चेरीचा केक होता. साहेबांची मोजणी चुकावी म्हणून ऑर्फा त्यांना आग्रह करकरून वाढत होती, घरची बीअर पाजत होती. पण साहेब एकेकाशी हात मिळवत सगळं अंगण फिरले आणि तोंडभर हसत परतले.

"एकतीस. खिडकी राहिली, बाई. आता जेवा पोटभर."

"एकतीस?"

"त्या झाडाखालची मंडळीही धरलीत. फार गोड माणसं. हात तेवढे गार हो त्यांचे."

झाडाखालचे बाक रिकामे होते.

"तुझी बीअर चढलीय त्यांना," डेल्मर तिच्या कानाशी लागला. "आता तोंड उघडशील तर बघ."

ऑर्फाने तोंड उघडलं नाही. उलट संध्याकाळी ती आनंदाने डेल्मरबरोबर नाचली.

सोमवारी सकाळी ती कामावर आली. भिंतीतल्या पितळी टपालपेट्यांपैकी बारांची दारं सताड उघडी होती. त्यांचे मालक कधीच देवाघरी गेलेले. प्रत्येक दारात किल्ली होती.

एका किल्लीला लाल दोरा होता. तो ऑर्फाने स्वतः बांधलेला. नवरा गेला तेव्हा ती किल्ली तिनेच त्याच्या कोटाच्या खिशात ठेवली होती, आणि मग शवपेटी बंद झाली होती.

दोऱ्याला ओली माती लागली होती.

तिने तो बोटांनी चाचपला. मग तिला हसूच आलं.

"इतक्या वर्षांनी आलास, व्हर्लिन, आणि तोही टपालासाठी."

त्याच्या नावाने बियाण्यांची पुस्तिका अजून येत असे. तिने ती पेटीत ठेवली, दार लोटलं आणि कॉफी आणायला आत गेली.

परतली तेव्हा पेटी रिकामी होती. लाल दोऱ्याची किल्लीही दारात नव्हती.