झेंडूने कोंडलेलं ड्रिल

आदल्या दिवशी खंडेनवमीला एवढी साग्रसंगीत पूजा केली, आणि ऐन दसऱ्याच्या सकाळी ड्रिल मशीन रुसून बसलं! आता बोला!

ही गोष्ट सन २०६१ मधली. वाघजाईवाडीच्या माळावर तन्मयीची कुमुदआत्या उतरतळ (ड्रोन उतरवायचा पोलादी ओटा) बांधत होती. आत्या शास्त्रज्ञ, यंत्रांमधल्या मोटारींवर संशोधन करणारी. औषधं आणणारं ड्रोन बारा वाजता चाचणीला येणार होतं. ओटा पक्का नसला, तर ते कायमचं पलीकडच्या खोऱ्यात जाणार आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना औषधासाठी पुन्हा घाट उतरावा लागणार. चारच भोकं पाडायची राहिली होती. पण पहिलंच अर्ध्यावर आलं आणि जळका वास सुटला. आत्याने लगेच बटण सोडलं.

"ड्रिल ब्याऐंशी अंशांवर!" पक्कड ओरडला. पक्कड म्हणजे आत्याचा गुडघ्याएवढा यंत्रमानव. हात नाजूक, पण जीभ भलतीच तिखट. "पूजा कोणी केली होती म्हणे?"

तन्मयीला रडूच फुटलं. "मीच केली. पण मनापासून केली गं आत्या! भरपूर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या..."

"कुठे वाहिल्यास?"

"मागच्या जाळीत. तिथे खोचल्या की त्या खाली पडत नव्हत्या ना!"

आत्या खो खो हसली. "अगं वेडे, ते त्याचं नाक आहे! तू तेच बुजवलंस की!"

तिने आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली. "यंत्राला हात लावण्याआधी त्याची वीज तोडायची. दरवेळी. आता ऐक. मोटारीत वेटोळी (तांब्याच्या तारेची गुंडाळी) असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते. म्हणून आत एक छोटा पंखा असतो. तो मागच्या जाळीतून गार हवा ओढतो आणि पुढून गरम हवा बाहेर टाकतो. हवा अडली तर?"

"उष्णता आतच साठणार."

"आणि तारेवरचं रोगण (वीज अडवणारा पातळ थर) वितळणार. मग तारेला तार चिकटली की मोटार कायमची गेली. आपण वेळेत थांबलो म्हणून बरं."

ड्रिल निवल्यावर तन्मयीने कोरड्या ब्रशने जाळी साफ केली. कुंकवाचा लाल धुरळा उडाला, पाकळ्या चिमट्याने निघाल्या. आत्याने बॅटरी बसवली. डोळ्यांवर चष्मा चढवला, केस घट्ट बांधले आणि ओट्याचा पत्रा शिकंज्यात (घट्ट पकडणाऱ्या चापात) आवळला. तन्मयीने घाईघाईने हातमोजे पुढे केले.

"इथे मोजे नकोत. फिरत्या बिटाने (भोक पाडणाऱ्या सळीने) धागा पकडला, तर मागोमाग हातही ओढला जातो."

तन्मयी स्वतःचा चष्मा लावून चार पावलं मागे सरली. पहिलं भोक पूर्ण झालं, दुसरं झालं, तिसरंही झालं. तेवढ्यात डोंगरामागून घरघर ऐकू आली. ड्रोन!

"अडुसष्ट अंश," पक्कड म्हणाला, "आणि वाढतंय."

आत्याने चौथ्या भोकावर बिट टेकवलं. "एकच तर राहिलंय. होऊन जाईल."

ड्रोन परत गेलं तर अख्खी वाडी तन्मयीलाच बोलणार होती. तरी ती ठणकावून म्हणाली, "आत्या, थांब! रिकामं फिरव. वारा जाऊ दे आत."

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि बिट वर उचललं. दोन मिनिटं ड्रिल नुसतंच फिरत राहिलं. पुढच्या जाळीतून ऊन हवा येत होती. वर ड्रोन घिरट्या घालत होतं. तन्मयी नखं कुरतडत उभी होती.

"सत्तेचाळीस!"

चौथं भोक पडलं. आत्याने शिकंजा काढून चारही बोल्ट आवळले. पक्कडने हिरवा दिवा लावला आणि ड्रोन सावकाश ओट्यावर उतरलं. ओटा तसूभरही हलला नाही.

ड्रोन बघायला जमलेल्या वाडीकरांनी टाळ्या वाजवल्या. तन्मयीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती ओट्याबाहेर उकिडवी बसून ड्रोनची पाती थांबायची वाट बघत होती.

"आत्या," तिने विचारलं, "याचं नाक कुठे असेल गं?"